बारावी बायोलॉजी: चौघांनी मिळून उजळणी कशी करावी

गटाने अभ्यास म्हणजे चार जणांनी एका खोलीत बसून आपापलं पुस्तक वाचणं, असं समजून अनेक गट पहिल्या आठवड्यातच मोडतात. वाचन एकट्यानेच होतं. गट तीन कामांसाठी बसवायचा: पुस्तक मिटून तोंडी सांगणं, आकृती आठवून काढणं, आणि घड्याळ लावून उत्तर लिहून ते दुसऱ्याकडून तपासून घेणं. ही कामं एकट्याने मनापासून होत नाहीत, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. बाकी सगळं घरी करून यायचं.

पुढची पद्धत महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या सध्याच्या आराखड्यावर आहे. छत्रपती संभाजीनगर आणि लातूर या दोन्ही विभागीय मंडळांत प्रश्नपत्रिका एकच असते, त्यामुळे हिंगोलीच्या गटाला आणि धाराशिवच्या गटाला तयारी सारखीच करायची आहे.

आधी पेपर समजून घ्या

लेखी ७० गुण, वेळ ३ तास. प्रात्यक्षिक ३० गुणांचं, वेगळं. लेखी पेपरचे चार विभाग असतात. ए विभागात एक-एक गुणाचे १० बहुपर्यायी आणि ८ अतिलघुत्तरी प्रश्न, मिळून १८ गुण. बी विभागात दोन गुणांच्या १२ प्रश्नांपैकी ८ सोडवायचे, १६ गुण. सी विभागात तीन गुणांच्या १२ पैकी ८, म्हणजे २४. डी विभागात चार गुणांच्या ५ पैकी ३, म्हणजे १२.

यातून एक गोष्ट लगेच कळते. बी, सी, डी मध्ये निवडीला वाव आहे, ए विभागात अजिबात नाही. त्या १८ गुणांचे प्रश्न कुठल्याही धड्यातून येतात. "इकॉलॉजीचे तीन धडे सोडून देऊ" हा बेत तिथेच फसतो. धडा मोठ्या प्रश्नासाठी सोडता येईल, पण त्यातल्या व्याख्या, नावं आणि आकडे प्रत्येकाला यायलाच हवेत.

बहुपर्यायी प्रश्नाला पर्यायाचं अक्षर आणि पूर्ण उत्तर, दोन्ही लिहावं लागतं. नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण जातो. शिवाय पहिलं लिहिलेलं उत्तरच धरतात. त्यामुळे सरावातसुद्धा नुसती टिकमार्क करू नका.

गट किती जणांचा

तीन किंवा चार. दोघांत एक आजारी पडला की बैठक बुडते. पाच-सहा झाले की दोघं बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात. सगळे सारखेच हुशार असावेत ही अट नको. ज्याला धडा नीट आला आहे त्याची खरी परीक्षा न आलेल्याला समजावताना होते; मध्ये कुठे अडखळला की तेवढी जागा कच्ची आहे हे त्यालाही कळतं. अट एकच ठेवा: ठरलेला धडा एकदा वाचून आल्याशिवाय बैठकीत बसायचं नाही. न वाचून आलेल्याला त्या दिवशी बोलायला न लावता तपासणीचं काम द्या, म्हणजे बैठक त्याच्यासाठी थांबणार नाही.

जागा शांत आणि सपाट हवी. घराची ओसरी, ढाळज, शेतातला आखाडा, तालुक्याच्या गावची अभ्यासिका, काहीही चालेल. मात्र अभ्यासिकेत मोठ्याने बोलू देत नाहीत, त्यामुळे तोंडी कामाला ती उपयोगाची नाही. शहाबादी फरशी असलेली जागा मिळाली तर सोडू नका. त्या फरशीवर खडूने दोन-दोन हात मोठी आकृती निघते, चौघांना एकदम दिसते आणि ओल्या फडक्याने पुसली की फरशी पुन्हा तयार. वही-कागदाचा खर्चही वाचतो.

वेळ दोन तास. भारनियमनाचं वेळापत्रक माहीत असेल तर लेखनाचा भाग उजेडात येईल अशी बैठक लावा. मुली लांबून येत असतील, कुणाला शेवटची एसटी धरायची असेल, तर दुपारी २ ते ४ ही वेळ संध्याकाळपेक्षा बरी. मुलगी घरी कधी पोचणार याचा घोर लागला की घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत आणि गट तिथेच संपतो.

वीस बैठकांचा बेत

पुस्तकात १५ धडे आहेत, पण सगळे एका वजनाचे नाहीत. सहा धड्यांना प्रत्येकी दोन बैठका द्या: वनस्पती आणि प्राणी यांचे रिप्रॉडक्शनचे दोन, इनहेरिटन्स अँड व्हेरिएशन, मॉलिक्युलर बेसिस ऑफ इनहेरिटन्स, रेस्पिरेशन अँड सर्क्युलेशन, आणि कंट्रोल अँड को-ऑर्डिनेशन. झाल्या बारा. ओरिजिन अँड इव्होल्यूशन, प्लांट वॉटर रिलेशन, प्लांट ग्रोथ अँड मिनरल न्यूट्रिशन, ह्यूमन हेल्थ, फूड प्रॉडक्शन आणि बायोटेक्नॉलॉजी यांना एकेक. शेवटचे इकॉलॉजीचे तीन धडे मिळून दोन बैठकांत बसतात. एकूण वीस.

आठवड्याला चार बैठका धरल्या तर पाच आठवडे लागतात. २०२५ ची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली होती आणि प्रात्यक्षिकं त्याच्या आधी उरकतात. म्हणून डिसेंबरच्या मध्याला सुरुवात करावी लागते. संक्रांतीनंतर बघू म्हटलं की उजळणी अर्ध्यावरच राहते. वीस बैठका संपल्यावर तीन पूर्ण पेपर सोडवायचे, त्याबद्दल पुढे.

धड्यांचा क्रम पुस्तकाचाच ठेवण्याची गरज नाही. इनहेरिटन्स आणि मॉलिक्युलर बेसिस लागोपाठ घ्या, मध्ये दुसरा धडा घालू नका. बायोटेक्नॉलॉजी त्यांच्यानंतरच. रिस्ट्रिक्शन एन्झाइम डीएनए कुठे कापतं हे समजायला डीएनएच्या दोन साखळ्या उलट दिशेने धावतात हे डोक्यात ताजं असावं लागतं.

एक बैठक, मिनिटांच्या हिशोबात

पहिली १० मिनिटं: कोऱ्या पानावर त्या धड्यातलं जे आठवेल ते. मथळे, नावं, आकडे, कशाही क्रमाने. कुणी बोलायचं नाही. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने त्याच पानावर लिहायचं. त्या बैठकीत सगळ्यात आधी बोलायचं ते लाल भागावर.

पुढची ४० मिनिटं तोंडी. धड्याचे चार तुकडे आधीच वाटलेले असावेत. प्रत्येकाने आपला तुकडा दहा मिनिटांत, पुस्तक मिटून सांगायचा. ऐकणाऱ्यांपैकी एकाच्या हातात पुस्तक उघडं असेल आणि चुकलं की तो लगेच थांबवेल. बाकी दोघांनी फक्त "का?" आणि "पुढे काय होतं?" हे विचारायचं.

इथे भाषेचा प्रश्न येतो आणि आपल्या भागात तो मोठा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली लेकरं अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसतात. मग धडा समजत नाही म्हणून वाक्यं पाठ होतात, आणि प्रश्न थोडा फिरवून आला की पाठ केलेलं वाक्य बसत नाही. उपाय असा: समजावून सांगणं पूर्ण मराठीत, अगदी घरच्या बोलीत; पण प्रत्येक मुद्द्याचं शेवटचं वाक्य इंग्रजीत, पेपरात लिहाल तसं. "स्टोमॅटा उघडतं, कारण गार्ड सेलमध्ये पोटॅशियम शिरतं, मग पाणी आत ओढलं जातं, पेशी फुगते" हे मराठीत सांगा आणि लगेच तेच दोन छोट्या इंग्रजी वाक्यांत. वाक्य छोटं असू द्या; व्याकरण साधं आणि संज्ञा अचूक असली की पुरे.

संज्ञांची एक वेगळी वही गटात फिरती ठेवा. तीत सारख्या दिसणाऱ्या जोड्या लिहायच्या: मायटोसिस आणि मायोसिस, युरेटर आणि युरेथ्रा, मायक्रोस्पोअर आणि मेगास्पोअर, ट्रान्सक्रिप्शन आणि ट्रान्सलेशन. एका अक्षराने अर्थ बदलतो आणि उत्तर चुकतं. शास्त्रीय नाव लिहिताना पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसरा शब्द पूर्ण लहान लिपीत, आणि दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ.

मग २५ मिनिटं आकृती, ३० मिनिटं लेखी चाचणी आणि उरलेली १५ मिनिटं तपासणी. चाचणीत दोन गुणांचे दोन, तीन गुणांचे दोन आणि चार गुणांचा एक प्रश्न, मंडळाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतून घ्या. तपासताना वह्यांची अदलाबदल करायची, शेजारी पुस्तक उघडं ठेवायचं आणि गुण मित्राच्या तोंडाकडे न बघता द्यायचे. मुद्दा लिहिलेला नसेल तर "त्याला तेच म्हणायचं होतं" म्हणून अर्धा गुण देऊ नका. परीक्षकाच्या समोर फक्त कागद असतो.

आकृत्या

पेन्सिल एचबी, टोक केलेली. आधी फिकट बाह्यरेषा, मग आतले भाग, शेवटी नावं. नावांच्या रेघा पट्टीने, आडव्या, एकमेकींना न छेदता, शक्यतो सगळ्या उजव्या बाजूला. रेघेचं टोक भागाला खरोखर टेकलं पाहिजे; जवळ येऊन थांबलेल्या रेघेला गुण मिळेलच असं नाही. छायांकन करत बसू नका.

हृदयाची आकृती काढताना उजवं-डावं हमखास उलटतं. समोरच्या माणसाचं हृदय काढतो आहोत, म्हणून कागदाच्या डाव्या हाताला हृदयाची उजवी बाजू येते. खात्री करायला खुणा तीन: ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह उजव्या बाजूला, डाव्या व्हेंट्रिकलची भिंत सगळ्यात जाड, आणि पल्मनरी आर्टरी उजव्या व्हेंट्रिकलमधून निघते. आकृती झाली की फरशीवर रक्ताचा प्रवास चालवा. पहिला म्हणेल व्हेना काव्हा, दुसरा राइट एट्रियम, तिसरा ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह, चौथा राइट व्हेंट्रिकल, असं फुप्फुसांतून फिरून एओर्टापर्यंत. एक ठिकाण चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तीन फेऱ्यांत पक्कं होतं. जोडीला आकडे घ्या: एक हृदयचक्र ०.८ सेकंदाचं, त्यात एट्रियल सिस्टोल ०.१, व्हेंट्रिक्युलर सिस्टोल ०.३ आणि जॉइंट डायस्टोल ०.४. एका ठोक्याला ७० मिली आणि मिनिटाला ७२ ठोके धरले तर कार्डियाक आउटपुट ५०४० मिली.

एम्ब्रियो सॅकच्या आकृतीत सात पेशी आणि आठ केंद्रकं मोजून दाखवा: तीन अँटिपोडल, दोन सिनर्जिड, एक एग सेल, आणि मधल्या सेंट्रल सेलमध्ये दोन पोलर न्यूक्लिआय. एग आणि सिनर्जिड मायक्रोपाइलच्या टोकाला असतात, अँटिपोडल कॅलाझाच्या टोकाला. ही बाजू उलटी काढणं फार जणांकडून होतं.

जिथे मुलं अडकतात

लॅक ऑपेरॉन, म्हणजे लॅक्टोज असताना चालू आणि नसताना बंद होणारा जिवाणूतला जनुकांचा संच, फरशीवरच शिका. खडूने ओळीत चौकोन काढा: आय (रिप्रेसर बनवणारं जनुक), पी (प्रमोटर), ओ (ऑपरेटर), आणि झेड, वाय, ए ही तीन जनुकं. रिप्रेसर म्हणून एक खडा आणि लॅक्टोज म्हणून तुरीचे दाणे. लॅक्टोज नसताना खडा ओ वर बसतो आणि आरएनए पॉलिमरेझची वाट अडते. लॅक्टोज आला की दाणा खड्याला चिकटतो, खड्याचा आकार बदलतो, तो ओ वर बसू शकत नाही आणि झेड, वाय, ए वाचले जातात; त्यांतून अनुक्रमे बीटा गॅलॅक्टोसिडेझ, परमिएज आणि ट्रान्सअ‍ॅसिटिलेझ तयार होतात. "लॅक्टोज ऑपरेटरवर जाऊन बसतं" असं उत्तरपत्रिकेत लिहिलं जातं ते इथेच थांबतं, कारण हाताने दाणा खड्याला लावलेला असतो.

वॉटर पोटेन्शियल आणि डीपीडी (डिफ्यूजन प्रेशर डेफिसिट) यांची दिशा उलटी आहे. शुद्ध पाण्याचं वॉटर पोटेन्शियल शून्य, काहीही विरघळवलं की ते ऋण होतं, आणि पाणी जास्त पोटेन्शियलकडून कमीकडे जातं. डीपीडी मात्र उलट: पाणी कमी डीपीडीकडून जास्त डीपीडीकडे जातं. डीपीडी म्हणजे ओपी (ऑस्मॉटिक प्रेशर) वजा टीपी (टर्गर प्रेशर). पेशी पूर्ण टर्जिड झाली की डीपीडी शून्य; फ्लॅसिड असताना टीपी शून्य, म्हणून डीपीडी आणि ओपी सारखे. ही चार वाक्यं बैठकीत प्रत्येकाने एकदा म्हणायची.

क्रॉस (दोन पालकांच्या संकराचं उदाहरण) सोडवताना पायऱ्या गाळू नका: पालकांचा फिनोटाइप, जीनोटाइप, गोलात गॅमिट, एफ १, मग चौकट, शेवटी गुणोत्तर. डायहायब्रिडमध्ये गॅमिट काढताना एकाच गुणाचे दोन्ही अलील एका गोलात लिहिणं ही नेहमीची चूक. प्रत्येक गॅमिटमध्ये प्रत्येक गुणाचा एकच अलील, आणि असे चार प्रकार. कलर ब्लाइंडनेसच्या क्रॉसमध्ये प्रश्न नीट वाचा. कॅरियर आई आणि सामान्य बाप असतील तर मुलग्यांपैकी ५० टक्के बाधित, पण एकूण अपत्यांपैकी २५ टक्के. विचारलंय काय, त्यावर उत्तर ठरतं.

छोटी गणितं फुकटचे गुण देतात. १०० बिया तयार व्हायला किती मायोसिस? एका मायक्रोस्पोअर मदर सेलपासून चार परागकण, म्हणून १०० परागकणांना २५. एका मेगास्पोअर मदर सेलपासून एकच कामाचा मेगास्पोअर, म्हणून १००. बेरीज १२५. शार्गाफच्या नियमात अ‍ॅडेनिन २० टक्के दिलं तर थायमिन २०, उरलेले ६० ग्वानिन आणि सायटोसिन यांच्यात निम्मे-निम्मे.

डीएनएच्या प्रयोगांची सालं एका दमात म्हणता यावीत: ग्रिफिथ १९२८, एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी १९४४, हर्शे आणि चेस १९५२, मेसेल्सन आणि स्टाल १९५८. पण सालापेक्षा प्रत्येकाने काय सिद्ध केलं हे एका वाक्यात सांगणं महत्त्वाचं.

रिप्रॉडक्शनचे धडे

हे धडे गटात कुजबुजत वाचले जातात किंवा सरळ सोडले जातात, आणि त्यांवरचे तीन-चार गुणांचे प्रश्न हातचे जातात. मुला-मुलींच्या गटात संकोच वाटत असेल तर प्राण्यांच्या रिप्रॉडक्शनच्या दोन बैठका वेगळ्या घ्या, त्यात काही गैर नाही. मासिक चक्राचा आलेख चार रंगांच्या खडूंनी काढा, खाली २८ दिवस. इस्ट्रोजेनचा कळस आधी, त्यामागोमाग एलएच (ल्यूटिनायझिंग हार्मोन) ची लाट आणि १४ व्या दिवसाच्या सुमारास ओव्ह्युलेशन. प्रोजेस्टेरॉनचा कळस त्यानंतर, साधारण २१ व्या दिवसाजवळ. प्रोजेस्टेरॉन ओव्ह्युलेशनच्या आधी वर गेलेलं दाखवलं की पूर्ण आलेख चुकतो. कारण लक्षात ठेवा: ते कॉर्पस ल्यूटियममधून येतं आणि कॉर्पस ल्यूटियम अंडं बाहेर पडल्यावरच तयार होतं.

रानातली उदाहरणं

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याच्या हाताशी निम्मं पुस्तक रानात उभं असतं. जानेवारीत हिरव्या हरभऱ्याचं रोप मुळासकट हलक्या हाताने उपटा, माती धुऊन गाठ ब्लेडने चिरा. आतला भाग गुलाबी दिसला तर तो लेगहीमोग्लोबिनचा रंग, म्हणजे रायझोबियमचं काम चालू आहे. हरभरा आणि मका रात्रभर भिजवून सकाळी उभे चिरून शेजारी-शेजारी ठेवा. हरभऱ्यात दोन जाड दलं आणि एंडोस्पर्म नाही. मक्यात एंडोस्पर्म भरपूर. डबल फर्टिलायझेशनमधून तयार होणारा तो ३एन (गुणसूत्रांचे तीन संच असलेला) भाग कुठला, हे एकदा बघितलं की विसरत नाही.

कापूस घरच्या शेतात असेल तर बीटीचं उत्तर तिथूनच सुरू करा. बॅसिलस थुरिंजिएन्सिसमध्ये क्राय प्रथिन निष्क्रिय प्रोटॉक्झिनच्या रूपात असतं. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी वातावरणात ते सक्रिय होतं, आतड्याच्या पेशींना छिद्रं पाडतं आणि अळी मरते. जिवाणू स्वतः का मरत नाही, या प्रश्नाचं उत्तर "निष्क्रिय" या एका शब्दात आहे. क्राय १ एसी आणि क्राय २ एबी ही जनुकं कपाशीच्या बोंडअळीसाठी, क्राय १ एबी मक्यावरच्या अळीसाठी. रोगप्रतिकारक वाणांच्या यादीतली परभणी क्रांती ही भेंडी तर आपल्याच विद्यापीठाच्या गावचं नाव घेऊन पुस्तकात गेली आहे. ती यलो व्हेन मोझॅक विषाणूला दाद देत नाही. अभयारण्याचं उदाहरण विचारलं तर पैठणच्या नाथसागरावरचं जायकवाडी पक्षी अभयारण्य लिहा, इन-सिटू (मूळ जागीच केलेल्या) संवर्धनाखाली. बाहेरून येऊन पसरलेल्या प्रजातीसाठी बांधावरचं गाजर गवत, पार्थेनियम. मात्र प्रश्नात पुस्तकातलं ठरावीक उदाहरण मागितलं असेल तर तेच द्या.

तीन पूर्ण पेपर

हॉलतिकिटावरचं सत्र बघा आणि सराव त्याच वेळेला लावा. सगळ्यांनी एकाच खोलीत, फोन बंद करून दुसऱ्या खोलीत. १८० मिनिटांचा हिशोब असा: ए विभाग २५ मिनिटं, बी मध्ये एका प्रश्नाला ५, म्हणजे ४०, सी मध्ये ७, म्हणजे ५६, डी मध्ये १३, म्हणजे ३९. झाली १६०. उरलेली २० मिनिटं प्रश्न निवडायला आणि शेवटी नावं-क्रमांक तपासायला. प्रत्येक विभाग नव्या पानावर. पहिल्या पेपरात वेळ बहुतेक वेळा बी विभागात जातो, कारण दोन गुणांना पानभर लिहिलं जातं. तिथे चार-पाच ओळींत मुद्दे संपवायचे. फरक विचारला असेल तर दोन रकाने आणि समोरासमोर मुद्दे.

तपासल्यावर प्रत्येकाने आपल्या चुकांची एकच यादी करायची, एका पानापेक्षा मोठी नाही. तिसऱ्या पेपरपर्यंत त्या पानावर जे शिल्लक उरेल तेवढंच शेवटच्या दोन दिवसांत बघायचं.

पेपरच्या आदल्या दिवशी एकत्र बसू नका. त्या दिवशी एकाला न आलेला प्रश्न चौघांची झोप घालवतो. संध्याकाळी कॉन्फरन्स कॉलवर वीस मिनिटं, प्रत्येकाने आपलं पान वाचायचं आणि फोन ठेवायचा. गावाहून केंद्रावर जायचं असेल तर नेहमीच्या एसटीच्या आधीची गाडी धरा. पाकिटात हॉलतिकीट, ओळखपत्र, एकाच शाईची दोन पेनं, टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, शार्पनर आणि पंधरा सेंटिमीटरची पट्टी रात्रीच भरून ठेवा.